वैश्विक किरणांच्या अफवेला छापील उत्तर द्या

महोदय,

'आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळेत वैश्विक किरण पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार आहेत, मोबाइल बंद करून अंगापासून लांब ठेवा' हा संदेश आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पुन्हा फिरू लागला आहे. खाली नेहमीप्रमाणे नासा आणि बीबीसीचा हवाला. गेली कित्येक वर्षे मजकूर तोच, वेळही तीच. आमच्या मजल्यावरच्या एका आजींनी तो वाचून घरातले दोन्ही फोन बंद केले आणि स्टीलच्या डब्यात घालून डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. मुलगा रात्रपाळीला. त्याला घरी फोन लागेना, तेव्हा त्याने वॉचमनकरवी मध्यरात्री आमची बेल वाजवली. आजी अडाणी नाहीत, रोज पेपर वाचतात. पण खरे काय ते त्यांना कोणी वेळेवर सांगितले नव्हते.

या संदेशात वेळ दिलेली असते, तिथेच तो खोटा ठरतो. वैश्विक किरणांचा मारा अष्टौप्रहर चालू असतो. त्यांना किरण म्हणतात, पण ते असतात विद्युतभारित कण. त्यांत सुमारे ९० टक्के प्रोटॉन, ९ टक्क्यांच्या आसपास हेलियमची अणुकेंद्रके आणि उरलेली त्याहून जड. प्रकाशाच्या जवळपास वेगाने येऊन ते वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणूंवर आदळतात. त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण आणि पायॉनपासून म्युऑन हे दुसरे कण तयार होतात. हे म्युऑन खाली जमिनीपर्यंत पोचतात. आडवा धरलेल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक या हिशेबाने ते आरपार जात असतात, आत्ता हे पत्र वाचतानासुद्धा. इमारतीचे दहा-बारा स्लॅब त्यांतल्या बहुतेकांना अडवू शकत नाहीत, मग डबा काय अडवणार? आणि अडवायची गरजही नाही, कारण समुद्रसपाटीला त्यांच्यापासून शरीराला मिळणारी प्रारणाची (रेडिएशनची) मात्रा वर्षाला ०.३ मिलिसिव्हर्टच्या (हे ती मोजायचे एकक) आसपास, म्हणजे अगदी किरकोळ असते. मोबाइल चालू असो वा बंद, त्याने काहीही फरक पडत नाही. उलट चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे मुंबईला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे संरक्षण जास्तच मिळते. सुमारे १५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा (हे कणांची ऊर्जा मोजायचे एकक) कमी ऊर्जेचे प्रोटॉन आपल्या डोक्यावर सरळ उतरूच शकत नाहीत.

संदेशाची दुसरी चूक दिशेची. 'जवळून जाणार' म्हणजे एकीकडून येऊन दुसरीकडे जाणार. प्रत्यक्षात ते सगळ्या दिशांनी येत असतात. हे किरण सूर्याकडून येत नाहीत, हे व्हिक्टर हेस या शास्त्रज्ञांनी १९१२ मध्येच ताडले होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये सूर्यग्रहण चालू असताना त्यांनी बलूनमधून मोजणी केली, तर प्रारण कमी झाले नाही. ऑगस्टमध्ये ते पाच किलोमीटरच्या वर गेले, तेव्हा तिथे प्रारण कितीतरी वाढलेले आढळले, म्हणजे ते वरून, अवकाशातून येत होते. सूर्य खवळलेला असतो तेव्हा आकाशगंगेतून येणारे हे कण उलट कमी होतात, कारण सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर पडणारा कणांचा झोत, त्यांना मागे ढकलतो. ऑगस्ट २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ हे अवकाशयान सौरवाऱ्याच्या टापूबाहेर पडले आणि त्याच्या उपकरणांवर या कणांची संख्या एकदम वाढली.

मग ते येतात कुठून? बाडे आणि झ्विकी या खगोलशास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये सुपरनोव्हाकडे, म्हणजे ताऱ्याच्या प्रचंड स्फोटाकडे, बोट दाखवले. आपल्या आकाशगंगेत शतकाला साधारण दोन-तीन सुपरनोव्हा होतात. स्फोटात बाहेर फेकल्या जाणाऱ्या द्रव्याच्या ऊर्जेपैकी दहावा हिस्सा या कणांना मिळाला, तरी हिशेब जुळतो. स्फोटाच्या आघात-लहरीच्या अलीकडे-पलीकडे चुंबकीय क्षेत्रांवर आपटत राहून कण दर फेरीला थोडी ऊर्जा कमावतो. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या कल्पनेचे हे सुधारलेले रूप. अडचण पुढेच आहे. तिथून निघालेला कण आकाशगंगेतल्या चुंबकीय क्षेत्रांत वळत राहतो. बेरिलियम-१० या किरणोत्सारी अणूचे त्यांतले प्रमाण मोजून काढलेले उत्तर असे, की ही भटकंती दीड कोटी वर्षांच्या घरात चालते. संध्याकाळी दादरच्या पुलावर गर्दीत सापडलेला माणूस कुठल्या गाडीतून उतरला, हे त्याच्या चालीवरून सांगता येत नाही, तसेच इथे होते. म्हणून शास्त्रज्ञ गॅमा किरणांचा, म्हणजे अतिशय ऊर्जावान प्रकाशाचा, मागोवा घेतात. त्यांना विद्युतभार नसल्याने ते वळत नाहीत. २०१३ मध्ये फर्मी या अवकाश दुर्बिणीने दोन सुपरनोव्हा-अवशेषांमधून येणाऱ्या गॅमा किरणांत पायॉनच्या क्षयाची खूण ओळखली. वेगवान प्रोटॉन वायूवर आदळले की हे पायॉन तयार होतात. तिथे प्रोटॉन वेगवान होतात याचा तो थेट पुरावा होता. सर्वांत ऊर्जावान कणांचे मूळ कोणते, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

हे सारे मुंबईकरांना परके वाटावे याचे मला फार वाईट वाटते. वरून आलेल्या एका कणातून कणांचा लोंढा कसा तयार होतो, याचे गणित होमी भाभा यांनी भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत १९३७ मध्ये मांडले. त्यांनी १९४५ मध्ये उभारलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था आज कुलाब्यात आहे. भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांनी तिथे वैश्विक किरणांवर काम केले. कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरपेक्षा जास्त खोलीवर याच संस्थेच्या चमूने जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो, म्हणजे जमिनीतूनही सहज आरपार जाणारे भाररहित कण, नोंदवले. संस्थेचा वैश्विक किरण मोजणारा ग्रेप्स-३ हा प्रयोग आजही उटीला चालू आहे. १ डिसेंबर २०१४ रोजी तिथे वादळी ढग डोक्यावर असताना म्युऑनची संख्या घटली. त्या घटीवरून ढगातला विद्युतदाब १३० कोटी व्होल्ट निघाला. २०२४ मध्ये याच प्रयोगाने प्रोटॉनच्या ऊर्जा-आलेखात, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती प्रोटॉन येतात याच्या आलेखात, १६६ लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास एक अनपेक्षित वळण दाखवले. वैश्विक किरणांच्या उगमाबद्दलचे जुने सिद्धांत त्यामुळे पुन्हा तपासावे लागणार आहेत. अशा निकालाला मराठी वर्तमानपत्रांत ठळक जागा मिळायला हवी.

माझी विनंती अशी. हा संदेश पुन्हा फिरू लागेल, त्याच आठवड्यात पहिल्या पानावर चार ओळींची चौकट छापा. आतल्या पानावर कुलाब्यातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडून सोप्या मराठीत सविस्तर लेख लिहून घ्या. मराठी विज्ञान परिषदेचे लोकही त्यासाठी नक्की मदत करतील. त्या चौकटीचे कात्रण आमच्या सोसायटीच्या सूचना फलकावर लावण्याचे आणि तिचा फोटो गटावर टाकण्याचे काम माझ्याकडे राहील.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई