माईंचा शोकप्रस्ताव

जळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

माई गेल्याची बातमी आल्यापासून करमत नाही. एवढ्या हक्काने भांडणारी आणि तेवढ्याच मायेने विचारपूस करणारी नगरसेविका आपल्या गावाला मिळाली होती. सर्वसाधारण सभेत शोकप्रस्ताव तूच मांडणार आहेस, म्हणून तू विचारलेलं सगळं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे 'कधीही न भरून निघणारी पोकळी' हे वाक्य ठरावात येऊ देऊ नको. ते कुणाच्याही नावापुढे चालतं. माईंनी काय केलं ते लिही. सभा लिपिकाकडून त्यांच्या दोन्ही टर्मची इतिवृत्तं मागून घे. सूचक किंवा अनुमोदक म्हणून त्यांचं नाव असलेले ठराव क्रमांक आणि तारखेसकट उतरवून काढ. दोघं बसलात तर एका दुपारचं काम आहे. प्रभाग क्रमांक मात्र जपून लिही. प्रभागरचना बदलली की जुना नंबर आज भलत्याच वस्तीचा असतो, आणि वाचून दाखवताना तिथेच घोटाळा होतो.

आणखी एक. २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या झाल्या, तरी बोलणारे अजून 'भाऊंच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी' अशीच सुरुवात करतात. माईंचे यजमान म्हणून भाऊंचं दुःख मोठं आहे, त्यांचा मान ठेवावाच. पण काम माईंचं होतं, ते माईंच्याच नावावर राहू दे.

पाण्याचंच बघ ना. धरणातून गिरणा नदीला आवर्तन सुटलं, टाकी भरली, तरी बयडीवरच्या, म्हणजे टेकाडावरच्या, वस्तीत नळाला नुसती हवा यायची. नाल्याकडच्या गल्लीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला की सगळं पाणी उताराला पळतं, वर दाब उरत नाही. त्यात खालच्यांनी नळाला मोटारी लावल्या की संपलंच. बरं, तो व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला तर पाण्याचा धक्का बसून जुन्या पाईपाचा जोड निसटतो. माईंनी व्हॉल्व्हमनला सोबत घेतलं, चेंबरचं झाकण उघडून चावी किती आटे फिरवली की वर पाणी चढतं ते गल्लीगल्लीत मोजलं आणि डायरीत मांडलं. आधी वरची वस्ती, मग हळूहळू खालची. नवी पाईपलाईन न टाकता बयडीवर हंडे भरायला लागले. ठरावात हे दोन ओळींत का होईना, यायलाच हवं.

व्हॉल्व्हमनला दोन शब्द बोलायचे असतील. सभागृहात बोलायचं ते सदस्यांनी, म्हणून संध्याकाळी चौकात वेगळी शोकसभा ठेवा आणि तिथे त्याला पुढाऱ्यांच्या आधी बोलू द्या.

सभेत शोकप्रस्ताव पहिला घ्या, इतिवृत्त कायम करण्याच्याही आधी. आधी प्रभागातले जोडीदार सदस्य, मग सगळ्या पक्षांचे गटनेते, शेवटी नगराध्यक्ष. प्रत्येकी तीन मिनिटं पुष्कळ झाली. हात वर करून मतं घ्यायची नसतात, उभं राहून मौन पाळलं की ठराव झाला. मौन दोन मिनिटांचं म्हणतात आणि अर्ध्या मिनिटात खुर्च्या सरकतात, म्हणून घड्याळ एकाच्या हाती दे. सभा तहकूब करायची तर पुढची तारीख आणि वेळ उठण्याआधी पीठावरूनच जाहीर होऊ दे. टँकरचा विषय यादीत असेल तर तहकुबी दुसऱ्या दिवसापुरतीच ठेवा. उन्हाळ्यात आठवडा लांबवलेलं माईंना स्वतःला खपलं नसतं. पोटनिवडणुकीबद्दल त्या दिवशी कुणी चकार शब्द काढू नये.

पासपोर्ट फोटो मोठा केला की चेहरा पुसट होतो. लग्नकार्यातल्या फोटोची मूळ फाईल घरून मिळव. झेंडूचा हार या उन्हात तासाभरात मान टाकतो, चंदनाचा घ्या. समई पंख्याखाली ठेवू नका.

ठरावाची प्रत सही-शिक्क्यानिशी गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या, दिवशी तू आणि विरोधी गटनेत्याने मिळून घरी नेऊन द्या, शिपायाच्या हाती पाठवू नका. माईंचा शेवट नाशिकला दवाखान्यात झाला, म्हणजे मृत्यूची नोंद तिथल्या महापालिकेत होणार, आपल्या पालिकेत नाही. नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे. दवाखान्याने कळवलं आहे का, ते मुलाला विचार. बँक, विमा, सातबारा, सगळीकडे तो दाखला लागेल, आणि नावातलं एक अक्षर चुकलं तरी पोराला पुन्हा नाशिकच्या खेपा घालाव्या लागतील.

ती डायरी अजून माईंच्या पर्समध्ये असेल. आता मागू नको. गंधमुक्ती झाल्यावर मुलीला हळूच विचार, पाणीपुरवठा विभागासाठी एक झेरॉक्स काढ आणि मूळ डायरी त्याच दिवशी तिच्या हातात परत दे.

तुझाच,
मित्र