तुझे प्रकाशाचे फोटो आणि रेशीम

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

रंगीत प्रकाशाचे तुझे फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघतोय. त्यांचे रेशमी स्कार्फ करावेत का, असं तू विचारलंस. जरूर कर. चेहऱ्याचा किंवा इमारतीचा फोटो गळ्यात गुंडाळला की त्याची मोडतोड होते. तुझ्या फोटोंत वस्तूच नाही, त्यामुळे घडीने बिघडण्यासारखं काही नाही. निळ्यावर केशरी येऊन पडलं, तर ते तुलाही नवं वाटेल.

मात्र स्क्रीनवर दिसतं ते जसंच्या तसं कापडावर उतरणार नाही, हे आधीच धरून चाल. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश एकत्र आले की पांढरा होतो. रंगद्रव्यांचं उलट असतं: प्रत्येक जण उजेडातला आपला वाटा गिळतो, म्हणून जितकं मिसळावं तितकं काळवंडतं. कापडावरचा सर्वांत लख्ख भाग म्हणजे कोरं रेशीम, त्याच्या पुढे काही नाही. तेव्हा प्रकाशाचा गाभा अगदी मोकळा ठेव, तिथे फिकट पिवळाही नको. तेज भोवतालच्या गडद रंगामुळे भासतं, आणि तो गडदपणा तुझ्या फोटोंत भरपूर आहे.

रेशीम प्रथिनाचं, त्यामुळे ॲसिड डाय, म्हणजे आम्लाच्या मदतीने कापडाला धरणारे रंग, त्यावर फार खुलतात. पण छपाई होताच निराश होऊ नकोस. वाफ देऊन कापड धुतल्याशिवाय खरा रंग कळत नाही. नमुना दिवसाच्या उजेडात बघ आणि पिवळ्या दिव्याखालीही बघ, जांभळे तर चकित करण्याइतके बदलतात.

कापडाबद्दल मला ठाम बोलायचं आहे. ट्विलवर रंग खोल येतात, तिरकी वीण अंगाला शोभते, आणि बहुतेक जण तेच सुचवतील. तुझ्यासाठी मी शिफॉन घेईन. त्यातून उजेड आरपार जातो, आणि दोन पदर एकावर एक आले की रंगीत काचा एकमेकींवर धरल्यासारखे रंग मिसळतात. म्हणजे तू कॅमेऱ्यासमोर जे केलंस, तेच पांघरणाऱ्याच्या खांद्यावर पुन्हा घडतं! रंग ट्विलपेक्षा फिके येतील, ते मला चालतील.

लंडनमध्ये १९४०च्या दशकात झिका आणि लिडा ॲशर या कापड-व्यवसायातल्या दांपत्याने शिल्पकार हेन्री मूर, चित्रकार मातीस अशा कलावंतांकडून खास स्कार्फसाठी चित्रं करून घेतली होती. तूही तयार फोटो नुसता चौकोनात कोंबू नकोस, त्या चौकोनासाठी नव्याने काप. कोपरे सांभाळ, कारण गाठ मारल्यावर तेच बाहेर लोंबतात, आणि मधला भाग मानेमागे जातो.

आणखी एक. ९० सेंटिमीटरच्या चौकोनाला इंचामागे १५० ठिपके धरले तर एका बाजूला साधारण ५,३०० पिक्सेल लागतात. धूसरपणा चालेल, पण हळूहळू विरत जाणाऱ्या रंगात ८ बिटच्या, म्हणजे रंगांच्या कमी छटा साठवणाऱ्या, फाइलमुळे पट्टे पडू शकतात. म्हणून १६ बिटमध्येच काम कर आणि शेवटी किंचित ग्रेन, म्हणजे बारीक रवाळपणा, घाल.

पहिल्या नमुन्यासाठी जांभळ्यातून पिवळ्याकडे सरकणारा तो फोटो घेऊ. त्याची मूळ रॉ फाइल पाठव, जेपेग नको.

तुझा मित्र