वहीतली चित्रं सोडवू नका

ती. आई-बाबांना
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझी क्रिकेटपटूंची चित्रं मी खळ लावून वहीत चिकटवली नसती, तर तुला लाखभर मिळाले असते का रे?" तुमचा आवाज इतका पडला होता की मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र.

खेळाडूंच्या जुन्या कार्डांना मोठी किंमत येते, हे तुम्ही वाचलंत ते खरं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२ सालचं कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, तेव्हाचे जवळजवळ शंभर कोटी रुपये. एवढ्याशा पुठ्ठ्याचे! ती कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीनं त्या मालिकेतला न खपलेला माल पुढे १९६० च्या सुमारास समुद्रात नेऊन टाकला. पोरांकडची कार्डं हाताळून झिजली, आवराआवरीत गेली. कोरी करकरीत राहिली ती अगदी मोजकी. तिकडे कार्डं तपासणाऱ्या कंपन्या कोपरे, कडा, पृष्ठभाग बघून दहापैकी गुण देतात. त्या मँटलला साडेनऊ होते.

पण त्याच महिन्यात होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचं कार्ड साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं आणि त्याचे गुण फक्त दोन. ते १९०९ ते १९११ च्या काळात सिगारेटच्या पाकिटातून यायचं. वॅग्नरनं आपलं चित्र छापायला हरकत घेतली, छपाई थांबली, म्हणून ते दुर्मीळ. एवढं विरळ असलं की झिजलेलंही चालतं.

आपली चित्रं बबलगमबरोबर मिळायची, गल्लीतल्या प्रत्येक पोराकडे होती. सुटी राहिली असती तरी लाख आले नसते, बाबा. चिकटवल्यामुळे संग्राहक ती घेणार नाहीत, हे खरं. पण तुम्ही माझं नुकसान केलं, हे मनातून काढून टाका.

मला ती संध्याकाळ लख्ख आठवते. आईनं स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून तुम्ही त्यात चिमूटभर मोरचूद घातलं. हिशेबाच्या लांब वहीत पट्टीनं रेघा मारून एकेक चित्र बसवलंत आणि खाली तुमच्या वळणदार अक्षरात नावं लिहिलीत. कपिलच्या चित्राचा कोपरा उचलला गेला, तर तुम्ही त्यावर चहाचा पेला ठेवून दाबलात. त्याचा गोल डाग अजून आहे. सुटी असती तर महिन्याभरात गोट्यांच्या बदल्यात गेली असती. २०१६ च्या पुरात पाणी आपल्या पायरीला लागलं, तेव्हाही वही माळ्यावर कोरडी राहिली.

मी ती विकणार नाही. कोणी कितीही देऊ केले तरी.

आई, पंचवटीतलं घर आवरताना रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यात तेवढी जाऊ देऊ नकोस. बाबा, वाफ देऊन चित्रं सोडवायचा विचार फोनवर बोललात, तो कृपा करून सोडा. वर लॅमिनेशनही नको. जुन्या सुती धोतरात गुंडाळून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, भिंतीकडच्या ओलीपासून लांब. दिवाळीला येतो तेव्हा घेऊन जाईन.

शास्त्रीचं पान सुटं झालं होतं. ते आत आहे ना, एकदा बघा.

तुमचा,
नंदू