शेजाऱ्यांनी झाड हलवलं म्हणून क्लेम नाकारला, त्याबद्दल तक्रार

प्रति,
क्लेम विभाग आणि तक्रार निवारण अधिकारी

साहेब / मॅडम,

आमच्या घराच्या विम्याचा क्लेम रिजेक्ट केल्याचं तुमचं पत्र मिळालं. कारण काय दिलंय तर नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेयर यायच्या आधी पडलेलं झाड आणि मोडतोड जागेवरून हलवली, त्यामुळं नुकसान कशानं झालं ते ठरवता येत नाही. हे वाचून आम्हाला फार लागलं. पैशाचं तर आहेच, पण ते झाड हलवणारी माणसं आमच्या गल्लीतली आहेत, आणि त्यांनी त्या रात्री जे केलं तेच तुम्ही आमच्या विरोधात कारण म्हणून लिहिलंय, त्यामुळं हे पत्र जरा सविस्तर लिहायलाच लागतंय.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. जुनं कौलारू घर, मागच्या बाजूला पत्रे. आमच्या इकडं वारं-वादळ म्हणजे एप्रिल-मे मधला वळीव, त्याची तयारी लोक आधीच करून ठेवतात, पत्र्यावर दगड ठेवतात, झाडांच्या फांद्या छाटून घेतात. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी चढतं त्याचीही सवय झालीय. पण डिसेंबरात, थंडीत, असा वारा आणि पाऊस येईल असं कुणाच्या मनातसुद्धा नव्हतं. शिवारात भाताच्या मळण्या चाललेल्या, मसूर नुकता वर आलेला. जमीन दिवसभराच्या पावसानं मऊ झालेली आणि रात्री वारं सुटलं तसा घराशेजारचा गुलमोहर मुळासकट आमच्या स्वयंपाकघरावर आला. कौलं, वासे, आढं सगळं खाली. आई आतल्या खोलीत होती, दारावर फांदी आडवी पडली त्यामुळं दार उघडेना, आणि विजेची तार झाडात अडकून लोंबत होती.

आता मला सांगा, अशा वेळी आम्ही काय करायचं होतं? तुमच्या टोल फ्री नंबरवर फोन लावून सर्व्हेयर कधी येणार विचारत बसायचं? गल्लीतल्या पंचांनी आधी विजेच्या तक्रारीच्या १९१२ नंबरला फोन केला, लाइनमन येऊन लाइन बंद करेपर्यंत कुणालाही झाडाला हात लावू दिला नाही. अग्निशामक दलालाही कळवलं होतं, पण त्या रात्री शहरात ठिकठिकाणी झाडं पडली होती, गाडी कधी पोचेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. मग उद्यमबागेत फौंड्रीत कामाला असलेली पोरं, शेजारचे मागवाले विणकर, वखारीवरचा एकजण कटर मशीन घेऊन, असे सगळे भर पावसात लागले. "आधी आजीला बाहेर काढूया की, बाकीचं सकाळी बघू," एवढंच बोलणं. आईला बाहेर काढून समोरच्यांच्या घरी झोपवलं, आम्हाला मंडळाच्या हॉलमध्ये जागा दिली, पहाटेपर्यंत बायका चहा करून देत होत्या. आणि एक गोष्ट मला या पत्रात लिहायचीच आहे, आमच्या उघड्या घरावर जी ताडपत्री घातली ती एका शेतकरी काकांनी स्वतःच्या कापून ठेवलेल्या भातावरची काढून आणली. त्यांचं भात भिजलं, काळं पडलं. त्यांनी त्याबद्दल आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही.

ही सगळी हकीकत मी तुमच्या सर्व्हेयरना सांगितली होती, आठवडा उलटून गेल्यावर ते आले तेव्हा. त्यांनी फक्त विचारलं, झाड कुठं आहे? घरावरून काढलेलं झाड रस्त्यावर पडून राहिलं असतं तर गल्लीत ना दुधाची गाडी आली असती ना ॲम्ब्युलन्स. ते तोडून कडेला लावलं होतं, बुंधा तर आजपण तिथंच आहे, मूळ उपटल्याचा खड्डा दिसतो, तो बघायला चला म्हटलं तर त्यांनी लांबूनच एक फोटो काढला.

आता पॉलिसीचं बोलूया. आमची पॉलिसी भारत गृह रक्षा आहे, जी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना एकाच शब्दांत द्यायला लागते. मी ती दोनदा बसून वाचली. त्यात वादळ तर आहेच, शिवाय बाहेरची वस्तू आदळून झालेलं नुकसान वेगळं दिलंय आणि त्याच्या उदाहरणांत पडणारं झाड स्पष्ट लिहिलंय. म्हणजे वारं किती वेगानं होतं हा वाद घालायची पण गरज नाही. पाहणीआधी मोडतोड हलवू नये असं कलम आहे, ते तुम्ही पत्रात दिलंय, मान्य. पण त्याच कलमात पुढं सुरक्षिततेसाठी किंवा नुकसान वाढू नये म्हणून जे करणं गरजेचं आहे त्याला सूट आहे, तो भाग तुमच्या पत्रात कुठंच नाही! अर्धं कलम सांगून क्लेम नाकारायचा हे बरोबर आहे का? माणूस आत अडकलाय, तार लोंबतेय, छप्पर उघडं आहे आणि पाऊस चालू आहे, याहून मोठं कारण कुठलं असतं? मोडतोड उचलायचा खर्चसुद्धा क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत देऊ असं पॉलिसीतच आहे, मग ती कधी ना कधी उचलली जाणारच की.

पुरावा नाही म्हणता, तर व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोत तारीख-वेळ दिसत नाही म्हणून ते ग्राह्य नाहीत असं तुमच्या मेलमध्ये आहे. मूळ फोटो आणि व्हिडिओ ज्या पोरांनी काढले त्यांच्या मोबाईलमध्ये तसेच आहेत, तारीख-वेळेसकट, ते द्यायला ते तयार आहेत, हे मी तेव्हाच कळवलं होतं आणि त्यावर उत्तरच आलं नाही. अग्निशामक दलाचा रिपोर्ट मागताय, पण ते आलेच नव्हते तर रिपोर्ट कुठून आणायचा? कागदपत्रं नाहीत एवढ्या कारणावर क्लेम नाकारायचा नाही असं विमा नियामकानं जून २०२४ च्या परिपत्रकात सांगितलंय, ते तुम्हाला माहीत असणारच.

आणि सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. सर्व्हेयरच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की नवीन पत्रे मंडळानं घालून दिले त्यामुळं पॉलिसीधारकाचा तेवढा खर्च झालेलाच नाही. ते पत्रे मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीतल्या शिलकीतून आणलेत, आईला थंडीत उघड्यावर राहायला लागू नये म्हणून, आणि क्लेम आला की पैसे परत करायचे असं बैठकीत ठरलंय, मंडळाच्या वहीत तसं लिहिलंय, पंचांच्या सह्या आहेत. गल्लीच्या टोकाला आणखी दोन घरांची पडझड झालीय, त्यांचा कुठलाच विमा नाही, एका घरात तर मागावरचं सूत आणि साड्या भिजून गेल्या. त्यांना द्यायचे पैसे आमच्या छपरात अडकलेत. लोकांनी उसनं दिलेलं तुम्ही तुमच्या हिशोबात वजा करताय, हे कुठल्या कलमात बसतं ते लेखी सांगा.

कस्टमर केअरला फोन केला की दरवेळी नवीन माणूस, पहिल्यापासून सगळं सांगा, आणि शेवटी "सर आपका केस क्लोज दिख रहा है". हप्ता भरायची आठवण मात्र वेळेवर येते.

तर माझी मागणी अशी आहे. हा क्लेम परत उघडा, दुसरा सर्व्हेयर पाठवा आणि त्याला मूळ फोटो, उपटलेलं मूळ, मंडळाची वही आणि पत्र्यांची बिलं बघायला सांगा. पत्र्यांची वजावट काढून टाका. घरातल्या सामानाचं नुकसान तुमच्या रिपोर्टमध्ये धरलेलंच नाही, या पॉलिसीत इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख, सामान आपोआप धरलेलं असतं, तेही मोजा. आणि यानंतरही नाकारायचं असेल तर पूर्ण कलम देऊन लेखी नाकारा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा हेच उत्तर परत आलं तर मी विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडे अर्ज करणार आहे, तिथं फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकतोय.

सर्व्हेयर येणार असतील तर आदल्या दिवशी फोन करायला सांगा. फौंड्रीतली पोरं शिफ्टला असतात, त्यांना थांबवून घ्यायला लागेल, झाड कसं पडलं होतं ते तेच नीट दाखवतील.

आपला,
एक पॉलिसीधारक
वडगाव, बेळगाव

सोबत: क्लेम नाकारल्याचं पत्र, पॉलिसीची प्रत, पत्र्यांची बिलं, मंडळाच्या बैठकीच्या नोंदीची झेरॉक्स