नात न्यू जर्सीत, मामा अमळनेरात : केंद्रीय महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय महिला व बालविकास मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

मंत्रीमहोदया,

सप्रेम नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातला निवृत्त तलाठी. उभी नोकरी फेरफार धरण्यात आणि मयताचे वारस लावण्यात गेली, त्यामुळे कागदांना वैतागून पत्र लिहिणाऱ्यांपैकी मी नाही. कागद हवेतच. माझं म्हणणं वेगळं आहे. भारतातलं मूल परदेशातल्या नातेवाइकाकडे दत्तक जाणार असेल, तर बाल न्याय कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम आहे. परदेशात जन्मलेलं मूल इथल्या मामाकडे किंवा काकाकडे यायचं असेल, तर तसं कलमच नाही. आमची नात नेमकी तिथे अडकली आहे.

माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीत नोकरीला होते. गेल्या वर्षी मोटारीच्या अपघातात दोघंही गेले. त्यावर इथे जास्त लिहीत नाही. त्यांची मुलगी त्या वेळी पाळणाघरात होती. आता ती तीन वर्षांची होईल. जन्म तिकडचा, म्हणून पासपोर्ट अमेरिकेचा. तिथल्या न्यायालयानं तिला तात्पुरतं एका तेलुगू कुटुंबाच्या हवाली केलं आहे. जावयाचे ते मित्र, माणसं सोन्यासारखी. पण त्यांना स्वतःची दोन मुलं आहेत, नोकरीचा व्हिसा आहे, आणि त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की आम्ही सांभाळू, पण तिला तिची माणसं हवीत. माझा मुलगा आणि सून तिला दत्तक घ्यायला तयार आहेत. शिरपूरच्या विहीणबाईंची लेखी संमती आहे. अशा प्रकरणात भाऊबंदकी कशी पेटते, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं. आमच्याकडे त्यातलं काही नाही. तरीही काम जागचं हलत नाही.

गावात सल्ल्याला तोटा नसतो. पहिला सल्ला आला तो असा : पोरीला आधी घेऊन या, कागद मागाहून करू. तिचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला इथे राहू देणारं कार्ड, काढा, इथे आणा, स्टॅम्पपेपरवर दत्तकपत्र करा, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, झालं. हा सल्ला वेडगळ नाही. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली खान्देशात अशी दत्तकपत्रं वर्षानुवर्षं होत आली आहेत. त्या कायद्याला दत्तहोमसुद्धा लागत नाही. प्रत्यक्ष देणं आणि घेणं झालं की पुरे. अशा दत्तकपत्रांवरून मी स्वतः वारसांच्या नोंदी घेतल्या आहेत.

पण जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल आला आणि आम्ही सावध झालो. एका भारतीय जोडप्यानं नातेवाइकांचं अमेरिकेत जन्मलेलं मूल तान्हं असताना इथे आणलं होतं, वाढवलं होतं. दत्तकासाठी गेले तेव्हा केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणानं, म्हणजे आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या ‘कारा’नं, नोंदणी नाकारली. न्यायालयानंही त्यांना दिलासा दिला नाही. हे मूल आपल्या बाल न्याय कायद्याच्या कक्षेत बसत नाही, अमेरिकी मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क तुम्हाला नाही, आधी अमेरिकेच्या कायद्यानं तिथे दत्तक घ्या आणि मग पुढची प्रक्रिया करा, असं सांगितलं. कायदा जसा लिहिला आहे तसा वाचला तर निकाल चूक म्हणता येत नाही. पण त्या घरातलं ते मूल तोवर शाळेच्या वयाचं झालं होतं. आधी आणा, मागाहून बघू, हा रस्ता कुठे जातो ते त्यावरून कळलं.

दुसरा सल्ला पालकत्वाचा. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली मामा पालक होऊ शकेल, असं एक वकील म्हणाले. होईलही. पण ते पालकत्व मूल १८ वर्षांचं झालं की संपतं. मामाच्या घरात वाढलेली मुलगी १८व्या वाढदिवशी कागदोपत्री कोणाचीच राहू नये, आणि मामाच्या जमिनीत तिचं नाव लागायला मृत्युपत्राची वाट बघावी लागू नये, म्हणून आम्हाला दत्तकच हवं आहे. तलाठी म्हणून हा आग्रह माझा आहे हे कबूल. मुलगा-सुनेला जमिनीचं सुचलंही नव्हतं.

आता कायद्याबद्दल. बाल न्याय कायदा, २०१५चं कलम ६० काढून बघावं. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाला भारतातल्या नातेवाइकाचं मूल दत्तक घ्यायचं असेल, तर आदेश कोणाकडून घ्यायचा, ना-हरकत कोणाकडे मागायची, हे तिथे लिहून ठेवलं आहे. नातेवाईक म्हणजे कोण याचीही व्याख्या आहे आणि त्यात मामा आहे, मावशी आहे, काका-आत्या आहेत, दोन्हीकडचे आजी-आजोबा आहेत. उद्या माझ्या मुलाचं मूल न्यू जर्सीतल्या आत्याकडे दत्तक द्यायचं असतं, तर जळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयात कोणत्या टेबलावर जायचं हे शिपायानंही सांगितलं असतं. २०२१च्या दुरुस्तीनं दत्तकाचे आदेश न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आले, आणि दोन महिन्यांत निकाल द्यावा अशी मुदतही आहे. हीच आत्या जाऊन तिची मुलगी मामाकडे यायची म्हटलं, की सगळी टेबलं रिकामी.

असं का झालं असावं, याचा मी विचार केला. आपल्याकडे आंतरदेशीय दत्तकाचे नियम जन्मले ते पळवापळवीच्या भीतीतून, आणि ती भीती खरी होती. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं, भारतातली मुलं परदेशी दत्तक देण्यात चाललेल्या गैरप्रकारांबद्दल. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९८४मध्ये सविस्तर निर्देश दिले. कारा स्थापन झाली ती १९९०मध्ये. म्हणजे हा सगळा डोलारा मूल बाहेर जाताना त्याला कोणी विकू नये म्हणून उभा राहिला. ते योग्यच झालं. फक्त मूल बाहेरून आत येईल, हे त्या काळी कोणाच्या फारसं मनात आलं नसावं. तेव्हा खान्देशातून अमेरिकेत जाणारं पोरगं तालुक्यात एखादं असायचं. आता अमळनेर, चोपडा, शहादा, कुठल्याही गावात दोन-चार घरं अशी निघतात ज्यांच्या नातवंडांचा जन्म तिकडचा आहे. अपघात आणि आजारपण तिथेही असतंच.

नियमांत काहीच नाही असं मात्र नाही. २०२२च्या दत्तक नियमावलीत भारतीय नागरिकानं परदेशातलं मूल दत्तक घेण्याबद्दल थोडा मजकूर आहे. पहिलं वाक्य असं की आवश्यक औपचारिकता आधी त्या देशात, त्या देशाच्या कायद्यानं पूर्ण कराव्यात. त्यापुढे म्हटलं आहे की दत्तक आई-वडिलांचा होम स्टडी अहवाल, म्हणजे घरी येऊन केलेल्या तपासणीचा अहवाल, मुलाचा अहवाल आणि वैद्यकीय तपासणी मिळाल्यावर कारा हेग कराराच्या, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, कलम ५ आणि १७ प्रमाणे मान्यता देईल. मग आपल्या दूतावासाकडून व्हिसा आणि गृह मंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची मंजुरी.

आमच्या जिल्ह्यात सगळे पहिल्या वाक्यापाशी थांबतात. तिकडे करून या, म्हणतात. पण हेग करारात भारत २००३पासून आहे आणि अमेरिका २००८पासून. त्या करारातलं कलम ५ सांगतं की मूल ज्या देशात जाणार त्या देशानं आधी ठरवायचं, हे आई-वडील योग्य आहेत का आणि मुलाला तिथे येऊन कायमचं राहता येईल का. म्हणजे न्यू जर्सीतला न्यायाधीश आदेशावर सही करण्याआधी भारताचा होकार मागणार. भारताचा होकार होम स्टडीवर. आणि होम स्टडी करायला आमच्या दारात येणार कोण, हे जिल्ह्यात कोणी सांगत नाही.

त्यासाठी मुलगा-सून एका सरकारी कार्यालयात गेले होते, मीही बरोबर होतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण समोरचा बाबू वाईट नव्हता. त्यानं पहिल्यांदा विचारलं, “परदेशातून कशाला आणता? इथं अनाथ पोरं कमी आहेत का?” सून म्हणाली, “अनाथ पोर आणायला नाही आलो. आमच्या ताईची मुलगी आणायची आहे.” तेव्हा तो ओशाळला. त्यानं संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला, नोंदणीचं पान उघडलं आणि एकेक पर्याय आम्हाला वाचून दाखवला. देशातलं मूल, परदेशी पालक, नातेवाइकाचं मूल. शेवटच्यावर त्यानं बोट ठेवलं, तो पर्याय उघडला, आणि मुलाचा पत्ता लिहायच्या जागी राज्य आणि जिल्हा निवडायची यादी आली. न्यू जर्सी त्या यादीत कुठून असणार? साहेबांना विचारून येतो म्हणाला. साहेबांनी सांगितलं, आमच्याकडे असे निर्देश नाहीत. मग त्यानं एका चिठ्ठीच्या मागे ‘दिल्लीला विचारा’ असं लिहून दिलं. ती चिठ्ठी सुनेनं फाईलला लावली आहे. आमच्या प्रकरणातला भारत सरकारचा तेवढाच एक कागद.

सुनेची ही फाईल बघण्यासारखी आहे. पगाराच्या पावत्या, वैद्यकीय दाखले, लग्नाचं प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी, शेजाऱ्यांची पत्रं, तिच्या स्वतःच्या मुलानं पेन्सिलनं लिहिलेलं ‘मला बहीण पाहिजे’. सगळ्याच्या तीन-तीन प्रती, प्रत्येकीवर पिवळी चिकटपट्टी आणि त्यावर तारीख. गच्चीच्या कठड्याला जाळी बसवून झाली. कोणी तपासायला यावं म्हणून घर तयार आहे, तपासणारा ठरत नाही.

आमच्या बाजूला श्रावणात कानबाई देवी बसते हे आपल्याला ठाऊक नसेल. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आमच्या घरी माणसागणिक मूठमूठ गहू मोजून घेतात आणि ते रोट फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचे असतात. यंदा माझ्या बायकोनं कोणाला न विचारता एक मूठ जास्त घेतली. रात्री व्हिडिओ कॉलवर, म्हणजे तिकडे सकाळी, नातीला विचारत होती, “काय करी राहिनी वं माय?” नात तिला ‘अम्मम्मा’ म्हणते, तेलुगू घरात आजीला तेच म्हणतात म्हणून. दूध प्यायला नको म्हणते हेही त्याच वेळी कळलं. बायकोला त्यानंतर दोन दिवस दुधाचीच काळजी.

आता मागणं. कलम ६०ला दुसरी बाजू जोडावी. परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई-वडील गेले असतील किंवा सांभाळू शकत नसतील, आणि कायद्यातल्याच व्याख्येतला नातेवाईक भारतात असेल, तर त्याचा अर्ज जिल्ह्यातच घेतला जाईल अशी तरतूद हवी. कायदा बदलायला वेळ लागतो हे मला कळतं. त्यासाठी संसद लागते. पण जिल्हा बाल संरक्षण कक्षांना एक परिपत्रक काढायला संसद लागत नाही. अशा नातेवाइकांची होम स्टडी कोणी करायची आणि ती काराकडे कोणत्या मार्गानं पाठवायची, एवढं त्यात असावं. जिल्हाधिकाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत आहे, तशी एक मुदत काराच्या मान्यतेलाही असावी. आणि आपलं मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय आणि गृह मंत्रालय या तिघांच्या मध्ये पळणारा माणूस अर्जदार नसावा. एक अधिकारी नेमून द्यावा, त्याच्या टेबलावर आम्ही हवं तितकं थांबू.

तपासणी ढिली करा असं मी म्हणत नाही. नातेवाइकाच्या नावाखाली मूल आणून त्याला घरकामाला जुंपणारे निघतील, तिकडच्या विम्याच्या पैशावर डोळा ठेवणारेही निघतील. वारसाच्या चौकशीत मी असे नमुने पाहिलेत. म्हणून तर म्हणतो, कोणीतरी दारात या आणि तपासा. आमच्या नातीच्या नावानं आई-वडिलांचे जे काही पैसे आहेत ते तिकडच्या न्यायालयाच्या देखरेखीत राहू देत, अशी आमची लेखी तयारी आहे.

मुलगा-सुनेनं अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज भरला आहे. मुलाखतीची तारीख आली की खान्देश एक्सप्रेसनं मुंबईला जातील. खिडकीपलीकडचा अधिकारी विचारणार, कशासाठी चाललात, आणि दत्तकाचं म्हणता तर तुमच्या सरकारचं पत्र कुठे आहे? त्याआधी काराकडून आम्हाला होम स्टडीची तारीख मिळावी. मिळणार नसेल तर नकार तरी सहीशिक्क्यानिशी द्यावा, म्हणजे तो घेऊन आम्हाला न्यायालयात जाता येईल. अर्जाची प्रत आणि फाईलची यादी आपल्या कार्यालयाकडे नोंदणीकृत टपालानं वेगळी पाठवली आहे.

आपला,
एक निवृत्त तलाठी
अमळनेर, जि. जळगाव