उसाच्या फडावर जाणाऱ्या बाळंतिणींसाठी बाळंतविडा : समस्त गावकऱ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

यंदा दसऱ्यानंतर आपल्या गावातून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांमध्ये अंगावर पिणारी लेकरं घेऊन जाणाऱ्या बायाही आहेत. काहींच्या लेकराला अजून तीन महिनेसुद्धा झालेले नाहीत. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जाईल, कुणी कर्नाटकात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बाळंतपण झालं म्हणून तिला मागं राहता येत नाही. नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. फडावरच्या बाईनं एक दिवस बुडवला तर तिच्या नावावर खाडा पडतो.

या मायलेकरांसाठी ग्रामपंचायत आणि महिला ग्रामसंघ मिळून आपल्यापुढं हात पसरत आहोत.

पहाटे अंधारातच ती फडात उतरते. लेकरू पाचटावर, नाहीतर गाडीखाली बांधलेल्या झोळीत. ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून गाडी भरेपर्यंत तिला लेकराकडं यायला सवड नसते. पान्हा दाटतो, पदर भिजतो, गाठी होतात, ताप भरतो. मग काही दिवसांत दूध कमी होतं आणि कोपीवरची (फडाजवळच्या झोपडीतली) माणसं म्हणतात, हिला दूधच नाही. हे खरं नाही. अंगावरचं दूध जितकं ओढलं जातं तितकं तयार होतं. तासन् तास लेकरू पाजलंच नाही, तर शरीर दूध करणं कमी करतं. दोष तिच्या अंगात नाही, तिला न मिळालेल्या वेळात आहे. पुढं बाटली येते, फडाजवळच्या विहिरीचं नाहीतर कॅनॉलचं न उकळलेलं पाणी येतं आणि लेकराला जुलाब लागतात.

पहिले सहा महिने लेकराला अंगावरचं दूध पुरतं. दुसरं काहीच लागत नाही. मध नको, साखरपाणी नको, गुटी नको. आपल्याकडं उन्हाळा कडक, म्हणून पाणी पाजायचा मोह होतो, पण या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. लेकरू दिवसातून सहा वेळा किंवा जास्त लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर त्याला दूध पुरतंय असं समजावं. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढंही पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाजल्यानं आईचं गर्भाशय लवकर आकसतं, रक्तस्राव कमी होतो, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही घटतो.

सासूबायांना आमची हात जोडून विनंती आहे, चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं घट्ट दूध, फेकू नका. गाय व्याली की वासराला आधी चीक पाजायचा हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, मग नातवाच्या वेळीच तो जड का वाटावा? त्यात रोगाशी लढायचं बळ असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळालेली मुलं देशभरात ४१.८ टक्केच आढळली.

आता मागणं. सगळ्यात मोठी गरज प्रत्येक टोळीसोबत लेकरं सांभाळणाऱ्या एका पोक्त बाईची आहे. ती फडाच्या कडेला सावलीत लेकरं राखील आणि दर दोन-तीन तासांनी आईला हाक मारील. आज हे काम आठ-दहा वर्षांची थोरली बहीण करते आणि तिची शाळा सुटते. या बाईला हंगामभराची मजुरी द्यावी लागेल. देणगीतला मोठा वाटा आम्ही त्यासाठीच ठेवणार आहोत.

दुसरं, बाळंतविडा. डिंक, खारीक, खोबरं, अळीव, गूळ, तूप, दोन दुपटी, एक टोपरं आणि झाकणाची स्टीलची वाटी व चमचा. आई दूर असेल तेव्हा हातानं काढलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजता येतं. बाटलीची गरज पडत नाही. एका विड्याला सुमारे दीड हजार रुपये लागतात. पैसे नसतील त्यांनी पायलीभर बाजरी द्यावी, जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवून द्यावीत. तेही आम्हाला तितकंच मोलाचं आहे.

मुकादमांनो, तुम्ही आपलेच आहात. पाजायला गेलेल्या बाईचा वेळ मोजू नका, तिचा खाडा धरू नका. तिच्या नवऱ्यानं तेवढा वेळ दोघांचं काम ओढावं. दुकानदारांनो, दुधाच्या डब्याची शिफारस करू नका; त्याच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे.

जाणाऱ्या प्रत्येक आईनं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्यावं आणि स्थलांतराची नोंद अंगणवाडीत करून जावं, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत पोषण आहार मागता येईल.

देणगी ग्रामपंचायत कार्यालयात जमा करून पावती घ्यावी. विड्याचं सामान अंगणवाडीत द्यावं. टोळीसोबत जायला तयार असलेल्या बायांनी आशाताईंकडं नाव नोंदवावं. जमा-खर्च ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल. घटस्थापनेपर्यंत सामान हाती आलं, तर टोळ्या निघण्याआधी विडे बांधून होतील.

आपले,
सरपंच व सर्व सदस्य, ग्रामपंचायत
महिला ग्रामसंघ, आशाताई व अंगणवाडीताई