नोटा नाशिकरोडला, मोड कुठंच नाही: अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली
यांस स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे. आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या नोटप्रेसमध्ये, नाशिकरोडला, मराठी वाचणारी पुष्कळ माणसं आहेत. त्यांच्यापैकी कोणीही आपल्याला ते समजावून देईल.

मी नाशिकच्या सिडकोत राहते. लग्न होऊन आले तेव्हापासून रोजचा खर्च वहीत लिहिते. दूध, भाजी, दळण, इस्त्री, रिक्षा, देवाची फुलं, दारावर येणारा भंगारवाला (तो जमेच्या बाजूला). रात्री ओटा पुसून झाला की वही उघडायची, पाकिटातले पैसे मोजायचे, हिशेब जुळला की दिवा मालवायचा. पूर्वी जुळायचा. हल्ली जुळत नाही. वय झालं, विसरत असेन, असं मुलगा म्हणतो. पण विसरणाऱ्या माणसाचा हिशेब कधी शंभराने चुकेल, कधी चाळीसने. माझा रोज दोन, तीन, पाच रुपयांनीच चुकतो. म्हणून मी वहीत एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, ‘सु. न.’ म्हणजे सुट्टे नव्हते.

परवाच्या सोमवारचं पान बघा. सकाळी दळण आणलं. 47 रुपये झाले, पन्नासची नोट दिली. गिरणीवाला म्हणाला, “काकू, तीन रुपये पुढच्या दळणात.” पुढचं दळण पंधरा दिवसांनी. तोवर त्याच्या लक्षात राहत नाही आणि तीन रुपयांची आठवण करून द्यायला माझी जीभ उचलत नाही. पुढे औषधाच्या दुकानात दोन रुपयांच्या बदल्यात दोन गोळ्या मिळाल्या. पेपरमिंटच्या. औषधं मधुमेहाची घेतली होती! मग त्रिमूर्ती चौकातून शेअर रिक्षा. पंधरा रुपये व्हायचे, वीस दिले. रिक्षावाल्याने खिसे चाचपले, शेजारच्या दोघांना विचारलं, मागून हॉर्न वाजायला लागले तशी मीच म्हटलं, राहू दे बाबा. तीन, दोन आणि पाच. एका दिवसाचे दहा रुपये. महिन्याअखेरीला त्या रकान्याची बेरीज 118 आली.

यात कोणी चोर नाही, हे आधीच सांगते. उलटंही होतं. पवननगरच्या बाजारात भाजीवाली तेवीस रुपयांचे वीस घेते आणि “जाऊ द्या ताई” म्हणते. तिचे तीन रुपये माझ्या पाकिटात राहतात, ते मी जमेला धरते. पूर्वी मोड नसली की भाजीवाली वर चार मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी टाकायची. तो व्यवहार मला कधी खटकला नाही, कारण कढीपत्ता फोडणीत पडायचा. पेपरमिंटचं काय करू? बरणीत साठवते. दिवाळीला भांडी घासणाऱ्या मावशींच्या नातवाला दिल्या, तर त्या म्हणाल्या, “ताई, आमच्याकडंबी बरणी हाय.”

खरं म्हणजे हे पत्र या मावशींमुळेच लिहिते आहे. मला 118 रुपयांनी काही होत नाही. मी महिन्याचं वाणसामान एकदम भरते, दुकानदार माझ्या नावावर लिहून ठेवतो. मावशी चार घरची कामं करतात आणि सामान रोजचं रोज आणतात. चहाची पुडी, पाव किलो साखर, एक साबण. सकाळी शंभराची अख्खी नोट घेऊन त्या दुकानात गेल्या की दुकानदार म्हणतो, “अजून भवानी व्हायची आहे, मोड नाही. आणखी काहीतरी घ्या.” मग आठ रुपयांच्या पुडीसाठी वीस रुपयांचं सामान घ्यावं लागतं. नको असलेला बिस्किटाचा पुडा घरात येतो आणि संध्याकाळच्या भाजीचे पैसे गेलेले असतात. जितकी खरेदी लहान, तितका मोडीचा फटका मोठा. आपल्या अर्थसंकल्पात असा कुठला कर लिहिलेला नाही, पण मावशी तो रोज भरतात.

माझा मुलगा म्हणेल, आई, फोनने दे ना. देते की. यूपीआय 2016 साली आलं, मला यायला आणखी चार वर्षं लागली, पण आता सराईतपणे देते. माझं पासबुक दहा-दहा रुपयांच्या नोंदींनी भरून वाहतं. मावशींकडे मात्र बटणाचा फोन आहे. साध्या फोनवरूनही पैसे देता येतात, तशी सोय रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये काढली हे मला ठाऊक आहे. मी त्यांना शिकवायला बसलेही होते. दोन मिनिटं आकडे दाबून त्या म्हणाल्या, “एवढ्यात माझी एका घरची भांडी होतील.” त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आणि घेणाऱ्याचं काय? पवननगरला एक आजी कोथिंबीर-मेथीच्या जुड्या घेऊन बसतात. त्यांच्या पाटीला क्यूआरचा कागद चिकटवला आहे. तो त्यांच्या मुलाच्या खात्याचा. दिवसभर लोक फोन पुढे करतात, पैसे मुलाच्या फोनवर जातात आणि मुलगा दिवसभर अंबडला कंपनीत. आजींना गिऱ्हाईक “पाठवले” म्हणतं, त्या “बरं” म्हणतात. पाठवले की नाही, हे त्यांना रात्री कळतं, मुलाने सांगितलं तर. पूर्वी उठताना कनवटीला वजन असायचं, त्यातून येताना त्या अर्धा लिटर दूध घ्यायच्या. आता दुधाला मुलाकडे पैसे मागायला लागतात. स्वतः कमावलेले. मी त्यांना मुद्दाम रोख देते. गंमत अशी की मी पन्नास दिले की त्यांच्याकडे परत द्यायला मोड नसते, कारण बाकी सगळे फोनने देतात.

मुंबईचे पाहुणे आले की एक विनोद ठरलेला असतो, “तुमच्याकडे नोटा छापतात, तुम्हाला काय कमी!” माझी बहीण जेल रोडला राहते, प्रेसच्या जवळच. तिच्या सासऱ्यांची उभी हयात प्रेसमध्ये गेली. नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस 1925 ची आणि 1928 पासून इथं नोटा छापतात. त्याआधी त्या विलायतेहून छापून यायच्या. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं हे गाव देशाला नोटा पुरवतं आहे आणि त्याच गावात मला बँकेच्या खिडकीवर दहाच्या नोटांचं एक बंडल मिळत नाही. “सुट्टे आले नाहीत, पुढच्या आठवड्यात बघा.” मी तीन आठवडे बघितलं. लहान नोटा आणि नाणी देणं-घेणं प्रत्येक शाखेचं काम आहे, असं रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात. खिडकीवर नियम सांगितला की मागच्या रांगेतली माणसं आपल्याकडे बघायला लागतात, म्हणून मी सांगितला नाही.

एटीएमच्या बाबतीत मात्र आभार मानते. एप्रिल 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की सप्टेंबरअखेर 75 टक्के आणि मार्च 2026 अखेर 90 टक्के एटीएममधून शंभर किंवा दोनशेच्या नोटा निघाल्या पाहिजेत. नजर पाचशेवरून शंभरापर्यंत खाली आली. आणखी थोडी खाली येऊ द्या. आमचा बाजार शंभराच्या खालीच भरतो.

आता आपल्या करकपातीबद्दल. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं, साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला. चांगलं केलंत. त्या रात्री मी वहीत गणित मांडलं. 18 टक्के करासकट 5 रुपयांना मिळणारा पुडा 5 टक्क्यांनी किती होतो? 4 रुपये 45 पैसे. सुटले 55 पैसे. आता हे 45 पैसे मी कशाने देऊ आणि दुकानदार 55 पैसे कशाने परत करेल? चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून सरकारनेच बंद केली. आठ आणे कायद्याने चालू आहेत, पण ते शेवटचे कधी हातात घेतले हे मला आठवत नाही. मोठ्या बिलात कपात दिसते, माझ्या महिन्याच्या सामानात दिसलीही. पाच रुपयांचा पुडा घेणाऱ्याला ती दिसायची तर एकतर पुड्यात दोन बिस्किटं जास्त हवीत, नाहीतर हातात नाणं हवं. पुड्यातली बिस्किटं मी मोजून बघते, सवय आहे. मोजायला सोपं पडतं, कारण पुडा वर्षानुवर्षं लहानच होत आला आहे.

नाण्यांचं तर विचारू नका. दहाचं नाणं दिलं की अजून कोणीतरी म्हणतं, “हे चालत नाही, नोट द्या.” रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की दहाच्या नाण्याच्या चौदाही नमुन्यांना मान्यता आहे, रुपयाचं चिन्ह असो वा नसो. त्यासाठी 14440 हा फोन नंबरही दिला होता. मला तो पाठ आहे, पण आठ माणसं बसलेल्या रिक्षात तो लावून कोणाला ऐकवणार? वीसचं बारा कोनांचं नाणं एकदा फुलवाल्याला दिलं, त्याने उलटसुलट करून विचारलं, “मावशी, दुबईचं का?” नाण्यांच्या टांकसाळी मुंबईत आहेत, कोलकात्यात, हैदराबादेत, नोएडात. नाणी पाडण्याचं काम 2011 च्या कायद्याने केंद्र सरकारचं. एवढं पाडून ती घराघरांतल्या डब्यांत आणि देवळांच्या पेट्यांत पडून राहणार असतील, तर पाडण्याचा उपयोग काय?

मी सकाळी कधीकधी पांडवलेणी चढते. गुडघे कुरकुरतात, पण चढते. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. नहपान राजाचा हा जावई. मला ब्राह्मी येत नाही, नातीच्या प्रकल्पासाठी त्याचं भाषांतर शोधलं आणि थक्क झाले. ती सरळसरळ हिशेबाची वही आहे! उषवदाताने लेण्यातल्या भिक्षूंसाठी 3000 कार्षापणं (त्या काळची नाणी) ठेव म्हणून ठेवली, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे. आपलं गंगापूर रस्त्यावरचं गोवर्धन. त्यातली 2000 महिना शेकडा एक व्याजाने. त्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी बारा-बारा कार्षापणं द्यायची. मी तिथंच उभी राहून बोटांवर मोजलं. वर्षाचं व्याज 240, वीस गुणिले बारा 240. एक नाणं इकडे नाही, एक तिकडे नाही. शिवाय त्याच लेखात मोडीचा दर कोरून ठेवला आहे: 35 कार्षापणं म्हणजे एक सुवर्ण, सोन्याचं नाणं. कोणी कोणाला पेपरमिंट देऊ शकत नव्हतं.

मागणं फार नाही. बँकेत सुट्टे येण्याची वाट बघण्यापेक्षा सुट्टेच बाजारात येऊ देत. आमच्याकडे गोदाकाठी बुधवारचा बाजार भरतो, शेकडो विक्रेते बसतात. तिथं महिन्यातून एका बुधवारी, सकाळी सात वाजता, भवानी व्हायच्या आधी, बँकेची एक गाडी उभी करा. दहा-वीसच्या नोटा आणि एक-दोन-पाचची नाणी घेऊन. अकरा वाजता आलात तर उपयोग नाही, तोवर दिवस बिघडलेला असतो. पवननगरला केलंत तर मी स्वतः रांग लावायला उभी राहीन. पुढे 2027 चा सिंहस्थ येतोय. रामकुंडावर फुलांचा द्रोण विकणाऱ्या बाईपुढे लाखो माणसं पाचशेची नोट घेऊन उभी राहणार आहेत. रस्त्यांची, पुलांची, घाटांची चर्चा रोज वाचते. त्या बाईच्या मोडीचा विचार कुठल्या बैठकीत झाला असेल तर मला कळवा, मी हे पत्र मागे घेईन.

आणि कर कमी कराल तेव्हा पाच-दहा रुपयांच्या पुड्यांचं काय करायचं, हे त्याच आदेशात लिहा. किंमत तीच ठेवायची असेल तर वजन किती वाढवायचं, ते ग्रॅममध्ये. दहाच्या आणि वीसच्या नाण्याची खात्री बँकांच्या भिंतीवर नको, रिक्षाच्या मागच्या बाजूला लावा. तिथं सगळे वाचतात.

हे पत्र लिहून झाल्यावर पोस्टात गेले. पोस्टकार्ड अजून 50 पैशांना आहे, आपल्याला माहीत असेलच. एक मागितलं असतं तर पुन्हा आठ आण्यांचा घोळ, म्हणून एक रुपया दिला आणि दोन घेतली. एकावर बहिणीला ख्यालीखुशाली लिहिली. दुसऱ्यावर माझा पत्ता लिहून या पाकिटात घातलं आहे, पूर्वी जोडकार्ड मिळायचं तसं, आपल्या उत्तरासाठी. वहीत खर्च पूर्ण एक रुपया लिहिला आहे.

आपली,
सिडको, नाशिक येथील एक गृहिणी